तयार ठेवलेला मजकूर

३ फेब्रुवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून तुम्ही आधी पाकीट उलटंसुलटं केलं असेल, की भाच्याला अचानक मामाचा पत्ता कसा आठवला? बरोबर ओळखलंत. काम आहे.

गेल्या वर्षी माझी या दूतावासात बदली झाली. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे: समाजसंपर्क अधिकारी. आमच्या आवाराच्या मागच्या भिंतीला लागून एक जुनी मुसलमान वस्ती आहे. आपल्या देशाशी या लोकांचे पूर्वी फार चांगले संबंध होते म्हणे. मधल्या काळात ते आटले. त्यांना पुन्हा पाणी सोडायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी मला एक टेबल, एक दुभाषीबाई आणि चहा-बिस्किटांपुरतं अनुदान मिळालेलं आहे.

वर्षभरात मी स्नेहमेळावे घेतले, छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि मैत्रीच्या महत्त्वावर स्वतः भाषण ठोकलं. चांगलं लांबलचक बोललो. दुभाषीबाईंनी ते एका वाक्यात सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर विचारलं, "काय सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तुम्ही सगळे आलात याचा साहेबांना आनंद झाला." मी पुष्कळ विचार केला, पण माझ्या भाषणात याहून जास्त काही होतं असं मला छातीठोक सांगता येईना.

बोलावलं की लोक येतात. घामाघूम होऊन येतात, पंख्याखालच्या खुर्च्या धरतात, पाण्याचे दोन-दोन ग्लास पितात, हसतात आणि जातात. पण मामा, वर्षभरात एकानेही मला "आमच्याकडे या" म्हटलेलं नाही. जेवायला सोडा, दारातल्या चहालाही नाही. राजदूतबाई दर सोमवारी विचारतात, "प्रगती?" मी म्हणतो, "उपस्थिती उत्तम." मागच्या सोमवारी त्या म्हणाल्या, "उपस्थिती सर्कशीलाही असते. त्या वस्तीतलं एक तरी घर तुमच्यासाठी उघडलं का? वर्षअखेरीला मी एवढंच विचारणार आहे." म्हणजे वर्षअखेरीपर्यंत एखादं घर उघडलं नाही, तर मी जुन्या फायलींच्या खोलीत. तिला खिडकी नाही.

आता काम सांगतो. या वस्तीचे इमामसाहेब म्हणजे सगळ्यांचे वडीलधारे. ऐंशी कधीच ओलांडलेली. परवा भर दुपारी रस्त्यात चक्कर येऊन खाली बसले. या वयात उन्हातान्हात हिंडायचं कशाला, देव जाणे. बाईंच्या कानावर गेलं तशा म्हणाल्या, "शोकसंदेश तयार ठेवा." तोंड वाकडं करू नका, आमच्या खात्याची पद्धतच आहे. वेळेवर शब्द सुचत नाहीत, आणि उशिरा पोचलेला शोक लोक अपमानात जमा करतात.

तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. दैनिकात उभी हयात तुम्ही मृत्युलेखांचा कप्पा सांभाळलात. गावातली सगळी मोठी माणसं तुमच्या खणात आधीच वारलेली असायची. एक मजकूर लिहून द्या. मी तो इंग्रजीत उतरवीन, दुभाषीबाई इथल्या भाषेत.

तुमचा भाचा


१५ फेब्रुवारी

चि. भाचेसाहेब, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी वाटलं बँकेचं आहे, कारण तुझं अक्षर विसरलो होतो. माझ्या वाढदिवसाला तुझं कार्ड आलं होतं खरं, पण दोन ओळींवरून अक्षर लक्षात राहत नाही. शुद्धलेखन मात्र चोख होतं.

मृत्युलेख मागितलास, बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कुणी मेलेलं नाही. संध्याकाळी आम्ही पेन्शनर बागेतल्या बाकावर बसतो, तर मंडळी माझ्या शेजारी बसायला कचरतात. त्यांना वाटतं, हा मनातल्या मनात आपला मजकूर जुळवतोय. खोटं कशाला बोलू, जुळवत असतो.

पण तू कळवलंयस त्यावर मला ओळसुद्धा लिहिता यायची नाही. "सगळ्यांचे वडीलधारे" असं प्रत्येक मेलेल्या माणसाबद्दल लिहितात. मी स्वतः एका अशा सद्गृहस्थाबद्दल लिहिलंय, ज्याची मुलंसुद्धा त्याच्याशी बोलत नव्हती. मला जिवंत तपशील हवा. माणूस गेला की लोकांना त्याची थोरवी आठवत नाही, तो जिन्यात कसा खाकरायचा ते आठवतं. तुझे इमामसाहेब कुठून जातात, कुठे थांबतात, कुणावर डाफरतात, ते कळव. आणि बुडाखालची खुर्ची सोडून, स्वतः जाऊन बघ. आमच्या एका उपसंपादकाने टेबलाशी बसून एका पैलवानाला "मृदुभाषी" करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पैलवानाचे भाऊ कचेरीत आले, तेही फारसे मृदुभाषी नव्हते.

आणखी एक. भिंतीला भिंत लागून राहणारी माणसं तुझ्याकडे येताना घामाघूम का होतात? काही नाही, संपादकी खोड आहे, शंका आली की समासात लिहायची.

मी ठीक. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थोडा थांबतो आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचतो. तुझ्या मामीच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय. कुणी आलं-गेलं तर असावा.

मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तपशील मिळाला! आणि खुर्ची सोडूनच मिळवला. थेट दूतावासाच्या बागेत गेलो आणि माळ्याला गाठलं. माझी इथली भाषा अजून दुडदुडत चालते, पण माळीदादांनी हातवारे करकरून सगळं समजावलं.

तर ऐका. वस्ती आमच्या मागे, मशीद आमच्या पुढच्या रस्त्यापलीकडे, आणि मध्ये आमची बाग. बागेच्या मागच्या भिंतीला एक लहान दार आहे. इमामसाहेब दुपारच्या नमाजाला त्या दारातून आत येतात, बाग ओलांडतात आणि पुढच्या फाटकातून मशिदीत जातात. वाटेत एक वाकडा गुलाब आहे, त्याच्यापाशी थांबतात. आणि माळीदादा भर उन्हात पाणी घालताना दिसले की काठी आपटून ओरडतात, "मुळं शिजवतोस का?" हे सांगताना माळीदादांनी स्वतःलाच काठी मारून दाखवली. त्यांचे डोळे जरा पाणावले होते. फार निष्ठावान नोकर आहे.

मी पुढे काही विचारलं नाही. मला हवं ते मिळालं होतं. आपल्या बागेतून रोज इमामसाहेब जातात हे मला ठाऊक नव्हतं, याची थोडी लाज वाटली. पण दुपारी मी जेवणानंतर खिडकीचे पडदे ओढून "अहवाल वाचतो", त्यामुळे दिसले नसतील.

घामाचं म्हणाल तर इथली हवाच गरम आहे.

तुमचा भाचा


१२ मार्च

चि. भाचेसाहेब, आशीर्वाद.

शाब्बास. याला म्हणतात तपशील. काठी, दार, वाकडा गुलाब आणि शिजलेली मुळं! हात शिवशिवायला लागले. एका बैठकीत दोन पानं झाली. सोबत पाठवतोय. त्यातला शेवट मला स्वतःला फार आवडला, म्हणून इथेही उतरवतो. स्वतःचं लेखन दोनदा वाचायला लावायचा हक्क म्हाताऱ्यांना असतो.

"दुपारच्या नमाजाची वेळ झाली की आमच्या बागेचं मागचं दार उघडे आणि काठीचा आवाज येई. वाकड्या गुलाबापाशी इमामसाहेब क्षणभर थांबत, भर उन्हात पाणी घातल्याबद्दल आमच्या माळ्याला खडसावत आणि मशिदीकडे निघत. आमच्या अंगणातून जाणारी ही वाट त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. उद्याही दुपारी ते दार उघडेल, पण काठी वाजणार नाही."

बाकावर वाचून दाखवलं, तर एका निवृत्त तहसीलदाराने डोळे पुसले आणि विचारलं, "गेले कधी?" मी म्हटलं, "अजून नाही." तेव्हापासून तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

तहसीलदाराला आता रोज संध्याकाळी मुलगा न्यायला येतो. मी एकटाच परततो, जाहिराती वाचत. "गुडघेदुखीवर रामबाण" अजून आहे तिथेच.

मामा


९ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मामा, मी मेलो. म्हणजे मी मेलो असतो तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात इमामसाहेबांना पुन्हा चक्कर आली, या वेळी दवाखान्यात ठेवावं लागलं. राजदूतबाई त्याच दिवशी दौऱ्यावर निघणार होत्या. त्यांनी घाईघाईत दोन्ही पत्रांवर सही केली. एक "लवकर बरे व्हा" आणि दुसरं तुमचं. परत येईपर्यंत कशाची गरज लागेल सांगता येत नाही, म्हणून दोन्ही पाकिटं बंद करून माझ्या हवाली केली. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

दोन्ही पत्रं इथल्या लिपीत. मला ती लिपी वाचता येत नाही, हे मी खात्यापासून लपवून ठेवलेलं आहे. दुभाषीबाई परस्पर दवाखान्यात येणार होत्या. मी दोन्ही पाकिटं हातात धरली. एक पातळ होतं, एक जाड. मी म्हटलं, माणूस आजारी आहे, त्याला आपण भरभरून लिहिलं असणार, आणि मेल्यावर काय बोलायचं असतं, दोन ओळी पुरे. जाड पाकीट उचललं.

मामा, जगात हे उलटं असतं. जिवंत माणसाला दोन ओळी, आणि मेल्यावर दोन पानं.

मी फुलं घेतली, छायाचित्रकार घेतला, कोट घातला. पाकीट दोन्ही हातांनी, कमरेत वाकून दिलं. इमामसाहेब पलंगावर बसले होते, उशाशी त्यांचे दोन मुलगे उभे होते. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिल्या पानावर भुवया वर गेल्या. मला वाटलं, भारावले. मी छायाचित्रकाराला खूण केली. दुसऱ्या पानावर थोरल्या मुलाने वडिलांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मीसुद्धा भारावलो. एवढ्यात दुभाषीबाई आल्या, त्यांनी कागद बघितला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही यांना मारलंत."

मला फरशी दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. इमामसाहेब खोकू लागले. परिचारिका धावली. ते हसत होते की त्यांना ढास लागली होती, ते मला अजून कळलेलं नाही. मुलगे हसत नव्हते, हे नक्की. मग त्यांनी कागदाची घडी घातली, उशीखाली ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "यात चुका आहेत. घरी गेलो की सांगेन."

आता ते घरी गेले आहेत. पत्र वस्तीत सगळ्यांनी वाचलंय, असं कानावर आलंय. तक्रार येणार, बहुधा थेट मंत्रालयाकडे. छायाचित्र मात्र उत्तम आलंय. मृत माणसाला त्याचा शोकसंदेश हातोहात पोचवणारा आमच्या सेवेतला मी पहिलाच असेन.

तुमचा (फायलींच्या खोलीत निघालेला) भाचा


२० एप्रिल

चि. भाचेसाहेब,

आशीर्वाद नंतर देतो, आधी हसून घेतो.

हसलो. इतका, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी बघायला आल्या, काका बरे आहेत ना म्हणून. त्यांना पत्र वाचून दाखवलं. मग त्या जिन्यात बसून हसल्या.

आता लक्ष देऊन वाच. तू हुशार आहेस असं तुझी आई सांगायची, आम्ही कुणी खोडून काढलं नाही. पण गाढवा, म्हातारा काय म्हणाला ते तूच लिहिलंयस आणि तुलाच दिसलं नाही. "घरी गेलो की सांगेन." तक्रार करणारा माणूस मंत्रालयात सांगतो. घरी सांगणार म्हणजे तुला घरी यावं लागणार. वर्षभर ज्या बोलावण्यासाठी बिस्किटं वाटलीस ते हे. आणि तू वाट बघतोयस मंत्रालयाच्या पत्राची!

लगेच जा. फुलं नकोत, कोट नको, छायाचित्रकार तर मुळीच नको. पेन्सिल घेऊन जा. सगळ्या आयुष्यात मला एक इच्छा होती, की ज्याच्यावर मृत्युलेख लिहिलाय त्याच्याकडूनच तो एकदा तपासून घ्यावा. कुठल्या संपादकाला ते भाग्य लाभतं? त्यांना विचार, कुठे चुकलं. चुकलेलं वाक्य दिसलं की ते दुरुस्त करायचं, सबबी सांगत बसायचं नाही. आमच्या धंद्यातला एवढा एकच धर्म मला माहीत आहे.

मामा


४ मे

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

गेलो. पेन्सिल घेऊन गेलो.

दुभाषीबाईंना म्हटलं, गाडी काढू. त्या म्हणाल्या, "गाडी त्या गल्लीत शिरत नाही. चालत जाऊ, म्हणजे तुम्हाला रस्ता कळेल." पुढच्या फाटकातून निघालो. आमच्या भिंतीला वळसा, मग कालव्याच्या कडेने दूरच्या पुलापर्यंत, मग बाजारातून मागे. झाडाचं नाव नाही. इमामसाहेबांच्या दारात पोचलो तेव्हा माझा सदरा पिळून काढता आला असता. त्यांच्या सुनेने पाणी दिलं. मी एक ग्लास प्यालो आणि दुसरा मागितला. दुसरा ग्लास तोंडाला लावला आणि मामा, मला माझंच पहिलं पत्र आठवलं. पंख्याखालच्या खुर्च्या, दोन-दोन ग्लास. तुम्ही समासात लिहिलेली शंका मला तिथे, त्या ओट्यावर कळली.

इमामसाहेबांनी मजकूर पुढ्यात घेतला. पहिली चूक: "थोर विद्वान" लिहिलंय ते काढा, विद्वान त्यांचा धाकटा भाऊ होता, आणि त्याने पुष्कळ त्रास दिला. दुसरी: आवाज "धीरगंभीर" नाही, चिरका आहे. यावर सून आतून मोठ्याने "बरोबर" म्हणाली. मग त्यांनी बोट शेवटच्या परिच्छेदावर ठेवलं.

"मी या वाटेने जात होतो. माझे वडील जात होते. आता जात नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दाराला कुलूप लावलंत."

मी दुभाषीबाईंकडे बघितलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी एक शब्दही कमी न करता.

कुठल्याशा सुरक्षा तपासणीनंतर आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ते दार बंद केलं होतं, मी इथे येण्याच्या आधी. म्हातारी माणसं तेव्हापासून उन्हात वळसा घालून मशिदीत जातात. इमामसाहेबांना दोन्ही वेळा चक्कर आली ती त्याच रस्त्यावर. आता डॉक्टरांनी तो रस्ता बंद केलाय, म्हणजे त्यांची मशीदच बंद झाली. जिथे सगळं आयुष्य नमाज पढवला तिथली बांग ते घरात बसून ऐकतात. मी विचारलं, "आम्हाला सांगितलं का नाही?" म्हणाले, "एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं की ती भीक होते. बोलावणं मात्र नाकारू नये, म्हणून तुमची बिस्किटं खायला येत राहिलो."

परतताना दुभाषीबाईंना म्हटलं, "तुम्ही याच वस्तीत राहता. मजकुरात दार उघडं आहे असं लिहिलेलं तुम्ही भाषांतर केलंत. बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "साहेब, तो त्यांच्या मरणानंतरचा मजकूर होता. मला वाटलं, तोवर तुम्ही दार उघडणार असाल."

उरलेल्या रस्त्यात मी फक्त कुठे वळायचं तेवढं विचारत गेलो. समाजसंपर्क अधिकारी असून.

इमामसाहेबांनी निरोप देताना सांगितलं, "ते वाक्य बदला, नाहीतर दार बदला. मला दोन्ही चालेल. पण लवकर, मी फार थांबणार नाही." सुरक्षा अधिकारी म्हणतो, मुख्यालयाच्या परवानगीशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. बाईंनी फाईल वर पाठवली आहे. आमच्या फायलींची चाल मला माहीत आहे, इमामसाहेब त्यांच्यापेक्षा भरभर चालतात. मला भीती वाटते मामा. दार उघडेल, आणि काठी वाजणार नाही. हे वाक्य मला झोपू देत नाही, आणि ते तुम्हीच लिहिलंय.

तुमचा भाचा


१६ मे

चि. भाचा, अनेक आशीर्वाद.

या खेपेला हसलो नाही.

ते वाक्य मी लिहिलं तेव्हा खूश होऊन एक कप चहा जास्त प्यालो होतो. असो. आता तुझ्या म्हाताऱ्यासाठी एक उपाय सांगतो. त्या मजकुराखाली सही कुणाची आहे? तुझ्या राजदूतबाईंची. दार उघडं असतं असं त्यांच्या सहीने लिहून दिलेलं आहे आणि ते वस्तीने वाचलेलं आहे. तेव्हा फाईल सोड आणि बाईंना एवढंच विचार, सही खोटी पाडायची की कुलूप काढायचं? मोठी माणसं चुकीला भीत नाहीत, सहीला भितात. आमचे मालक तसेच होते.

तुझ्या पत्रानंतर मी माझा खण उघडला. आत एकच मजकूर शिल्लक आहे, तो माझा. मागेच लिहून ठेवलाय, कारण दुसरा कुणी लिहील तर "मनमिळाऊ" लिहील. इमामसाहेबांसारखा मीही तो तपासायला बसलो. जन्मसाल बरोबर आहे. "वक्तशीर" बरोबर आहे. शेवटी लिहिलंय, "त्यांचा परदेशी असलेला भाचा दर वर्षी न चुकता त्यांच्याकडे राहायला येत असे."

मामी गेली तेव्हा तुला रजा मिळाली नाही, तुझा फोन आला होता. त्याच्या आधी कधी आला होतास, मला नीट आठवेना. वाक्य कापावं म्हणून पेन्सिल उचलली. पण मजकूर थोडका आहे, ते वाक्य गेलं तर फारच उघडा पडतो. काय करू, तू कळव. तूही आता संपादक झालास.

मामा


२ जून

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

दार उघडलं.

तुमचं पत्र खिशात घालून बाईंकडे गेलो आणि तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारला, फक्त मध्ये तीन वेळा "क्षमा असावी" घातलं. बाईंनी मजकुराची कचेरीतली प्रत मागवली आणि स्वतःची सही पुन्हा एकदा बघितली. मग सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावून म्हणाल्या, "कुलूप लावताना मुख्यालयाची परवानगी घेतली होती?" घेतली नव्हती. "मग काढतानाही नको. दाराशी जबाबदार माणूस कोण उभा राहणार, तेवढं ठरवा." दोघांनीही माझ्याकडे बघितलं. त्यामुळे हल्ली दुपारी पडदे ओढून अहवाल वाचणं बंद झालंय. नमाजाच्या वेळी मी मागच्या दाराशी उभा असतो. बायकोला सांगितलं, की सगळ्या नोकरीत केलेलं हे पहिलं उपयोगी काम आहे. ती म्हणाली, "मग घरचंही दार तूच लावत जा."

पहिल्या दिवशी कुलूप गंजलेलं निघालं. सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः तेल घातलं. दार करकरलं, आणि बाहेर इमामसाहेब उभे होते, मागे वस्तीतली सगळी म्हातारी माणसं. ते लगेच आत आले नाहीत. आधी उंबरठ्याला काठी टेकवली, आहे ना खरा, अशी. मग आले. वाकड्या गुलाबापाशी थांबले. धाप लागली होती, मुलाने हात धरला तर झटकला. मी माळीदादांना दोनदा बजावलं होतं, आज दुपारी पाणी घालू नका. पण ते मुद्दाम, भर उन्हात, पाइप घेऊन उभे. इमामसाहेबांनी काठी आपटली आणि त्या चिरक्या आवाजात ओरडले, "मुळं शिजवतोस का?" सगळे हसले. माळीदादा रडत होते आणि पाणी घालत होते. मीही रडलो, मामा. कोट घातलेला नव्हता, त्यामुळे चाललं.

नमाजाहून परतताना मी त्यांना दुसरं पाकीट दिलं, पातळ, खूप उशिरा. त्यांनी वाचलं. कागद उलटा करून मागची बाजू बघितली. म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "जिवंत माणसाला आम्ही एवढंच लिहितो." त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मग उरलेलं उद्या घरी येऊन बोला. चहा करायला सांगतो." सोमवारी बाईंनी "प्रगती?" म्हणायच्या आत मी सांगून टाकलं.

आता तुमचा मजकूर. तपासला. एक वाक्य चुकीचं आहे, पण ते कापू नका. रजा मंजूर झाली आहे, दाराशी दुभाषीबाई उभ्या राहणार आहेत. तिकीट काढलंय, महिनाअखेरीला येतोय. मामीच्या खोलीतला पंखा एकदा चालवून बघा. दुसऱ्या मजल्यावर "गुडघेदुखीवर रामबाण" आहे ते मला दाखवा, दोघं मिळून वाचू.

पत्र आवरतं घेतो. उरलेलं घरी येऊन बोलतो.

तुमचा भाचा